घराला तारे देताना : एका संहितेचे वाचन, भोर-वेल्ह्याच्या घरांतून

नवा फ्रीज घरी आला की त्याच्या दारावरचे तारे आपण आधी मोजतो. पाच तारे असले तर वीज कमी लागणार, हे आता मुलांनाही ठाऊक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ही तारांकित चिठ्ठी २००६ साली सुरू केली. मग प्रश्न असा की, ज्या घरात तो फ्रीज ठेवायचा त्या घरालाच तारे देता येतील का? 'हे घर ऊर्जेचा नीट वापर करते' असा दाखला शाळेच्या दाखल्यासारखा घराला मिळेल का?

असे दाखले जगात अनेक ठिकाणी दिले जातात आणि आता आपल्या देशातही त्यांची सोय झाली आहे. या दाखल्यांमागचे नियम आम्ही नुकतेच वाचून काढले. एखादे पाठ्यपुस्तक हाती आले की आपण ते वर्गातल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून वाचतो. तसेच हे नियम आम्ही भोर आणि वेल्हे तालुक्यांतली घरे डोळ्यांसमोर ठेवून वाचले. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. या लेखात आम्ही जुनेच, तोंडात बसलेले नाव वापरतो.) वाचून काही गोष्टी पटल्या, काही खटकल्या. दोन्ही इथे मांडत आहोत.

थोडा इतिहास

इमारतींना ऊर्जेचे दाखले देण्याची पद्धत प्रथम थंड देशांत रुजली. तिथे घर ऊबदार ठेवायला इंधन जाळावे लागते आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर ते इंधन महाग झाले. डेन्मार्कने १९९७ पासून घरांना अशी चिठ्ठी लावली. २००२ साली युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी निर्देश काढला. घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याचा ऊर्जा-दाखला दाखवणे बंधनकारक झाले. ब्रिटनमध्ये असे दाखले २००७ पासून मिळू लागले. त्यांत 'ए' ते 'जी' अशा श्रेणी असतात. २०१८ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये 'ई'पेक्षा खालच्या श्रेणीचे घर नव्याने भाड्याने देण्यास, काही अपवाद वगळता, मनाई आहे.

आपल्याकडे २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीची संहिता २००७ मध्ये आली. २००९ मध्ये कार्यालयांच्या इमारतींना तारे मिळू लागले. राहत्या घरांसाठीची 'इको निवास संहिता' डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि २०१९ मध्ये घरांसाठीही एक ते पाच ताऱ्यांची चिठ्ठी जाहीर झाली. २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. याशिवाय 'गृह' आणि 'लीड' ही मूल्यांकने आहेतच. पुण्यात हडपसर येथील 'सुझलॉन वन अर्थ' या संकुलाला ती दोन्ही मिळाली आहेत.

संहितेचे चांगले पान

आधी जे पटले ते सांगू. संहितेने सुरुवात यंत्रांपासून न करता भिंती, खिडक्या आणि छत यांपासून केली, ही तिची सर्वांत शहाणी गोष्ट. यंत्र दहा वर्षांनी बदलता येते. भिंत आणि छत पन्नास वर्षे तसेच राहतात. भिंती व खिडक्यांमधून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत येते याची मर्यादा, थंड प्रदेश सोडून सर्वत्र, १५ वॅट ठेवली आहे. छतासाठी वेगळी मर्यादा आहे : 'यू-मूल्य' १.२ पेक्षा जास्त नको.

हे यू-मूल्य म्हणजे काय? छताच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितके ज्यूल उष्णता पलीकडे जाते, ते त्याचे यू-मूल्य. ते काढणे नववीच्या मुलांनाही जमेल. प्रत्येक थराची जाडी (मीटरमध्ये) भागिले त्या पदार्थाची उष्णतावाहकता, म्हणजे त्या थराचा रोध. सगळे रोध मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचे.

साधा १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब घेऊ. काँक्रीटची वाहकता सुमारे १.५८ धरली तर स्लॅबचा रोध ०.१ ÷ १.५८ = ०.०६३. स्लॅबला चिकटून असलेल्या हवेच्या थरांचाही थोडा रोध असतो. तो आतून ०.१७ आणि बाहेरून ०.०४ धरतात. एकूण ०.२७३. १ ÷ ०.२७३ = सुमारे ३.७. म्हणजे आपला नेहमीचा उघडा स्लॅब संहितेच्या मर्यादेच्या तिप्पट उष्णता आत सोडतो!

मर्यादेत येण्यासाठी काय करावे लागेल? एकूण रोध १ ÷ १.२ = ०.८३ हवा. कमी पडतो ०.५६. थर्मोकोलची वाहकता सुमारे ०.०३५ असते. ०.५६ × ०.०३५ = ०.०१९६ मीटर. म्हणजे जेमतेम २ सेंटिमीटर जाडीचा थर, स्लॅबच्या वर आणि पाणीरोधक थराच्या खाली. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर असते. भर दुपारी उन्हामुळे अशा छताची बाहेरची बाजू खोलीपेक्षा २० अंशांनी गरम आहे असे धरले, तर उघड्या स्लॅबमधून ३.७ × २५ × २०, म्हणजे सुमारे १८५० वॅट उष्णता आत येईल. दोन विजेच्या शेगड्या डोक्यावर पेटवून ठेवल्यासारखेच हे झाले. मर्यादेत बसणाऱ्या छतातून येईल ६०० वॅट. फरक केवढा मोठा, आणि उपाय किती साधा! संहितेने एवढे जरी घरोघरी पोहोचवले तरी तिचे सार्थक होईल.

पण ती घरोघरी पोहोचत नाही. आमची पहिली तक्रार तीच आहे.

दाराबाहेर राहिलेली घरे

२०१८ ची संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील गृहबांधणीसाठी लिहिलेली आहे. २०२२ च्या दुरुस्तीत इमारतीची व्याख्या वीजभारावर बेतली आहे : १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी. राज्यांना ही मर्यादा खाली आणण्याची मुभा आहे. पण १०० किलोवॅट म्हणजे किती, याची कल्पना आपल्या भागातून करून पाहू. दिवे, पंखा, टीव्ही आणि मिक्सर असलेल्या घराचा भार एक किलोवॅट धरला, तर शंभर घरांची अख्खी वाडी एकत्र केली तेव्हा एक 'इमारत' होते!

मोठ्यांपासून सुरुवात करण्यामागे युक्तिवाद आहे. मोठ्या गृहसंकुलात एका नकाशावर सही झाली की शेकडो घरे सुधारतात, आणि तपासणारी माणसेही मोजकीच आहेत. हे मान्य. पण घरकुलांचेही तसेच नाही का? तीही सरकारी पैशाने, सारख्याच मापाची, हजारोंच्या संख्येने उभी राहतात. ज्या छतावर सरकार स्वतः पैसा खर्च करते, त्या छताला उष्णतेची मर्यादा घालणे सर्वांत सोपे. नेमकी तीच छते संहितेच्या दाराबाहेर आहेत.

कशाला कशाने भागायचे?

दुसरी तक्रार मोजमापाची. घराच्या ताऱ्यांचा आधार आहे वर्षभराचा वीजवापर भागिले क्षेत्रफळ. दोन घरांची कल्पना करू. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत.

पहिले घर वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतले. क्षेत्र ४० चौरस मीटर, माणसे पाच, महिन्याला ५० युनिट वीज. वर्षाचे झाले ६०० युनिट, म्हणजे दर चौरस मीटरला १५. दुसरे घर पानशेतच्या जलाशयाकाठी बांधलेला, शहरातून शनिवार-रविवारी येणाऱ्यांचा बंगला. क्षेत्र ३०० चौरस मीटर, वर्षाला ४५०० युनिट. दर चौरस मीटरला तेही १५! कागदावर दोन्ही घरे सारखीच. माणशी हिशोब केला तर पहिल्या घरात वर्षाला १२० युनिट पडतात. बंगल्यात येणारी माणसे चार धरली तर ११२५. तेही आठवड्यातले पाच दिवस बंगला रिकामा असताना. क्षेत्रफळाने भागले की मोठे घर असणे हाच एक गुण ठरतो.

शिवाय हा हिशोब विजेचा आहे. वाडीतल्या घरात गॅस आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल पेटतेच. रोज ४ किलो लाकूड धरले तर वर्षाला सुमारे १४६० किलो. वाळल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट इतकी ऊर्जा असते. म्हणजे ५८०० युनिट, विजेच्या जवळजवळ दहापट! त्यातली बहुतेक धुराबरोबर वाया जाते, आणि तो धूर बाईच्या छातीत जातो. या घरातली सर्वांत मोठी ऊर्जा, सर्वांत मोठी नासाडी आणि सर्वांत मोठे दुखणे दाखल्यात दिसतच नाही.

हिशोबातले घर आणि राहते घर

दाखले देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, प्रत्यक्ष वीजबिलांवरून. आपल्याकडील कार्यालयांचे तारे असे ठरतात. दुसरी, घराच्या रचनेवरून हिशोब करून. आपल्या घरांची चिठ्ठी या दुसऱ्या प्रकारची आहे. तिच्यात घरातील काही खोल्या वातानुकूलित धरल्या जातात आणि तेवढा थंडावा राखायला किती वीज लागेल ते काढले जाते.

दोन्ही पद्धतींनी वाडीतल्या घरावर अन्यायच होतो, हे लक्षात घ्या. बिलांवरून पाहिले तर पत्र्याच्या घराला उत्तम गुण मिळतील, कारण तिथे वीजच कमी वापरली जाते. घरातली माणसे उकाड्यात तळमळत असतील, पण कागद म्हणेल की घर कार्यक्षम आहे. ही गरिबीला दिलेली शाबासकी झाली. उलट रचनेवरून हिशोब केला तर जे यंत्र त्या घरात कधी आले नाही आणि येणारही नाही, त्याच्या काल्पनिक विजेसाठी घराला नापास केले जाईल.

ही अडचण युरोपातही आली. जर्मन घरांच्या आकडेवारीचा २०१२ साली अभ्यास झाला. हिशोबाने जितकी ऊर्जा लागायला हवी होती त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर सरासरी सुमारे ३० टक्के कमी निघाला. घर जितके वाईट तितकी ही तफावत मोठी. कारण सरळ आहे. गळक्या, थंड घरातली माणसे सगळ्या खोल्या तापवत बसत नाहीत. स्वेटर घालतात आणि एकाच खोलीत बसतात. नेदरलँड्समधल्या पाहणीतही खालच्या श्रेणीची घरे हिशोबापेक्षा कमी आणि वरच्या श्रेणीची घरे हिशोबापेक्षा जास्त वायू जाळताना आढळली. माणूस घराप्रमाणे आपले वागणे बदलतो. दाखला देताना भिंत मोजली जाते, हे वागणे मात्र मोजले जात नाही.

घाटमाथा आणि कापूरहोळ

चौथी गोष्ट हवामानाची. संहितेने देशाचे पाच हवामान-विभाग धरले आहेत आणि प्रत्येकासाठी काही नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र उष्ण-दमट विभागात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के हवे, समशीतोष्ण विभागात १२.५ टक्के. विचार योग्य आहे, पण चाळणी फार मोठ्या भोकांची आहे. केळद किंवा हिरडोशीकडे घाटमाथ्याचा पाऊस आठवडेच्या आठवडे थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते. त्याच वेळी पूर्वेला महामार्गावरच्या नसरापूर-कापूरहोळकडे पाऊस पुष्कळ कमी झालेला असतो. एकाच तालुक्यात दोन हवामाने!

घाटमाथ्यावरच्या जुन्या घरांनी याचे उत्तर आपल्या परीने शोधले होते. उतरते कौलारू छत, रुंद पडवी, कारवीच्या कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, चुलीच्या वर माळा. चुलीच्या उबेने माळ्यावरचे सरपण आणि बियाणे कोरडे राही, धुराने कीड दूर राही. कौलांचे यू-मूल्य काढले तर ते पत्र्याहून फारसे बरे येत नाही. पण कौलांच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, हे यू-मूल्याला कळत नाही. भोरच्या १८६९ सालच्या राजवाड्यातल्यासारख्या जाड भिंती दुपारची उष्णता तासन् तास धरून ठेवतात आणि आत पोहोचू देईपर्यंत बाहेर रात्र होते. ही दिरंगाईही त्या एका आकड्यात मावत नाही.

इथे आम्हालाच थोडे सावध व्हायला हवे. जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणत नाही. दर वर्षी पावसाआधी घर शाकारायचे, वानरांनी फोडलेली कौले बदलायची, लिंपण करायचे, हे कष्ट कोणी करायचे? मुले शहरात आणि घरी म्हातारी माणसे, अशी आज अनेक घरांची स्थिती. म्हणून पत्रा आला. पत्रा गळत नाही, एका दिवसात बसतो. लोकांनी तो मूर्खपणाने घेतला नाही. कष्ट आणि उकाडा यांत त्यांनी उकाडा पत्करला. दाखला देणाऱ्याला हा हिशोब समजला पाहिजे.

विसरलेले एक मोजमाप

मग वातानुकूलन नसलेल्या घराला गुण द्यायचेच कसे? याचे उत्तर आपल्याकडे पूर्वीच शोधलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९८७ साली इमारतींविषयीची एक हस्तपुस्तिका काढली. तिच्यात 'औष्णिक कार्यमान निर्देशांक' दिला आहे. वातानुकूलन नसलेल्या इमारतीसाठी तो असा :

निर्देशांक = (छताच्या किंवा भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचे कमाल तापमान – ३०) × १०० ÷ ८

७५ पर्यंत चांगले आणि २२५ च्या वर अत्यंत वाईट. समजा, एका घराच्या छताची आतली बाजू दुपारी ३६ अंशांपर्यंत तापली. निर्देशांक आला ७५. दुसऱ्याची ४२ अंशांपर्यंत तापली तर १५०. पत्र्याची आतली बाजू ५४ अंशांपर्यंत गेली तर ३००! इथे विजेचे बिल नको, काल्पनिक यंत्र नको. छत किती तापते एवढेच पाहायचे, कारण माणसाला भाजून काढते ते तेच. हे मोजमाप परिपूर्ण नाही. वारा, दमटपणा आणि चुलीचा धूर यांबद्दल ते काहीच सांगत नाही. पण घरातल्या माणसाला काय सोसावे लागते, तिथून ते सुरुवात करते. आजच्या ताऱ्यांशेजारी हा एक आकडा छापला, तरी दाखला वाडीतल्या घराशी बोलू लागेल.

आमचे मत थोडक्यात असे. संहितेचे विज्ञान पक्के आहे, तिचा दरवाजा अरुंद आहे. घरकुलाच्या छताला १.२ ची मर्यादा लावावी आणि त्यासाठी लागणाऱ्या थराचा खर्च अनुदानात धरावा. घराच्या दाखल्यात दर चौरस मीटरबरोबर माणशी वापरही द्यावा. चुलीचे सरपण हिशोबात घ्यावे. आणि वातानुकूलन नसलेल्या घरांसाठी तापमानावर आधारलेला वेगळा दाखला असावा.

शाळेत काय करता येईल?

आपल्या शाळेपासूनच सुरुवात करू. पत्र्याचा वर्ग, स्लॅबचा वर्ग आणि मिळाल्यास एखादे कौलारू घर निवडा. प्रयोगशाळेतला, शक्यतो अल्कोहोलचा, १०० अंशांपर्यंतचा तापमापक घ्या. ताप मोजायचा तापमापक वापरू नका. तो ४२ अंशांपर्यंतच असतो आणि फुटू शकतो. फुगा ओल्या मातीच्या गोळीने छताला आतून चिकटवा, माती वाळू द्या आणि एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी सकाळी अकरा ते चार दर अर्ध्या तासाने नोंद करा. शिडीवर शिक्षकांनीच चढावे. सर्वांत मोठा आकडा सूत्रात घाला. मग पत्र्याखाली एका भागात बांबूचा तट्टा टांगा, वर हाताएवढी मोकळी जागा ठेवा आणि तट्ट्याच्या खालच्या बाजूचे तापमान घ्या. पत्र्याचा एकूण रोध ०.२१ आणि मधल्या हवेचा सुमारे ०.२ धरला तर यू-मूल्य ४.८ वरून २.४ पर्यंत, म्हणजे निम्म्यावर यायला हवे. तुमचा तापमापक काय म्हणतो? स्लॅबवर चुन्याचा हात देऊनही पाहा. त्याने यू-मूल्य बदलणार नाही, पण छत कमी तापेल. असे का, हे मुलांना विचारा.

शेवटी मुलांनीच शाळेचा दाखला तयार करावा : निर्देशांक, माणशी वीज, स्वयंपाकाचे इंधन, आणि मुलांच्या मते कोणत्या वर्गात दुपारी अभ्यास होतो. तो फलकावर लावा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या घरकुलांचे छत ठरेल तेव्हा तो कागद तिथे असू द्या. तुमच्या नोंदी आम्हालाही कळवा. आमचे आकडे चुकीचे ठरले तर तेही जरूर कळवा.